नवा पीसी जोडला पण चालूच होईनागेलाय: गाडी नेमकी कुठं अडकली ते शोधायचं कसं

पार्ट मागवले, घरीच बसून कॉम्प्युटर जोडला, बटन दाबलं आणि काहीच झालं नाही, की माणसाच्या डोक्यात पहिल्यांदा एकच येतं, पार्ट खराब आला. लातूर, नांदेड, परभणी, बीड कुठूनही फोन येऊ द्या, वाक्य ठरलेलं असतं, "दादा, चालूच होईनागेलाय, बोर्ड डेड आला का?" आणि माझा पण प्रश्न ठरलेला असतो, चालू होत नाही म्हणजे नेमकं काय होतंय ते सांग. पंखा पण हलत नाही? का पंखे फिरतात आणि दोन सेकंदात बंद पडतात? का पंखे फिरतात, लाइटी लागतात पण स्क्रीन काळीच? का स्क्रीनवर काहीतरी येतं पण विंडोज येत नाही? ही चार वेगवेगळी दुखणी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर दिवस वाया जातो आणि वर एखादा चांगला पार्ट उगाच काढघाल करण्यात खराब होतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नव्या जोडणीत खरोखर मेलेला पार्ट फार कमी वेळा निघतो. जास्त करून निघते ती अर्धवट बसलेली रॅम, लावायची राहिलेली एखादी केबल, चुकीच्या जागी घातलेली एचडीएमआय, नाहीतर जुना बायोस, म्हणजे मदरबोर्डच्या चिपमधला सुरुवातीचा प्रोग्राम. म्हणून लगेच रिप्लेसमेंटसाठी भांडायला जाऊ नका, थोडं बसून बघा.

बघायचं कसं, तर कॉम्प्युटर चालू होताना एका ठरलेल्या क्रमानं चालू होतो, तो क्रम समजला की अर्धं काम झालं. भिंतीवरचा खटका दाबला की एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना करंट देणारा डबा, लगेच ५ व्होल्टची एक बारीक लाइन मदरबोर्डला देऊन ठेवतो, कॉम्प्युटर बंद असला तरी. तुम्ही कॅबिनेटचं बटन दाबता तेव्हा मदरबोर्ड एसएमपीएसला सांगतो की आता उठ, मग तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मुख्य लाइनी सुरू करतो, त्या स्थिर झाल्या की अर्ध्या सेकंदाच्या आत मदरबोर्डला "सगळं ठीक" असा सिग्नल देतो, आणि त्या सिग्नलनंतरच प्रोसेसर जागा होतो. प्रोसेसर बायोसच्या चिपमधला प्रोग्राम वाचायला घेतो, तो प्रोग्राम आधी रॅम तपासतो, मग ग्राफिक, मग एसएसडी-हार्डडिस्क, आणि शेवटी विंडोजच्या हातात सगळं देतो. या तपासणीला पोस्ट म्हणतात. शेतात शेवटच्या सरीला पाणी येत नसलं तर आपण काय करतो, मोटारीपासून पाइप बघत बघत पुढं जातो, जिथं पाणी दिसायचं थांबलं तिथं गडबड. इथं पण तसंच जायचं.

आणि दोन नियम पक्के धरा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग चालू करून बघायचं. रॅम काढली, केबल बदलली, बायोस रिसेट केला आणि सगळं एकदम करून चालू झालं, तर कशामुळं झालं ते कळतच नाही आणि पंधरा दिवसांनी परत तेच झालं की परत शून्यापासून सुरुवात. दुसरा नियम जिवाचा आहे, आत हात घालायच्या आधी एसएमपीएसच्या मागचा खटका बंद, प्लग बाहेर, आणि कॅबिनेटचं बटन दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत राहिलेला करंट उतरतो. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडायचा नाही, त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावर पण करंट धरून बसतात.

आता पहिलं दुखणं, काहीच हलत नाही. हे दिसायला सगळ्यात भयंकर आणि सुटायला बहुतेक वेळा सगळ्यात सोपं. एसएमपीएसच्या मागं एक छोटा खटका असतो, एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला उभी रेघ, रेघेची बाजू दाबलेली पाहिजे. पॉवर केबल मागं घट्ट गेली का बघा, नवीन केबल कधी कधी लई टाइट असते आणि गेल्यासारखी वाटते पण गेलेली नसते. एक्स्टेन्शन बोर्ड, स्पाइक बस्टर सगळं बाजूला काढा आणि थेट भिंतीच्या सॉकेटमधी लावा, त्या सॉकेटवर आधी मोबाईलचा चार्जर नाहीतर टेबल फॅन लावून बघा. मग २४ पिनची मोठी केबल, ही मदरबोर्डमधी दाबून बसवायला चांगला जोर लागतो, क्लिपचा हूक खाली अडकलेला डोळ्यानं दिसला पाहिजे.

एवढं ठीक असेल तर संशय कॅबिनेटच्या बटनावर. बटनापासून येणारी दोन वायरींची बारीक पिन मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात लागते, तिथं आठ-नऊ बारीक पिना असतात आणि कुठली कुठं लावायची ते मदरबोर्डच्या पुस्तकात चित्रासकट दिलेलं असतं. पॉवर स्विचची पिन एक घर इकडंतिकडं लागली की बटन मेलेलं. तपासायचं कसं, ती पिन काढायची आणि पॉवर स्विचच्या त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर एकदम टेकवायचं. पंखे फिरले तर कॉम्प्युटर चांगला आहे, फक्त बटन किंवा त्याची वायर खराब. या पिनांवर फार थोडं व्होल्टेज असतं, भ्यायचं कारण नाही, पण शेजारच्या दुसऱ्या पिनांना टोक लागू देऊ नका.

एसएमपीएस एकटा तपासायची पद्धत पण आहे, २४ पिनच्या केबलमधली हिरवी वायर आणि शेजारची कुठलीही काळी वायर पेपर क्लिपनं जोडायची की तो चालू होतो. क्लिप लावताना प्लग काढलेला पाहिजे आणि केबल मदरबोर्डमधून सुटी केलेली पाहिजे. आजकाल सगळ्याच वायरी काळ्या येतात, तसं असेल तर अंदाजानं क्लिप घालू नका, दुकानात टेस्टर असतो तिथं न्या. आणि पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठणठणीत असं पण नसतं, लोड आल्यावर बसणारे पण असतात, उलट काही महागड्या मॉडेलचा पंखा कमी लोडवर मुद्दामच फिरत नाही, तो बिघाड नाही.

एक मात्र कळकळीनं सांगतो. मॉड्युलर एसएमपीएस असेल, म्हणजे ज्याच्या केबली डब्यातून सुट्या निघतात, तर त्याच डब्यातल्या केबली वापरा. जुन्या एसएमपीएसची सारखी दिसणारी केबल मित्राकडून आणून लावू नका. मदरबोर्डच्या बाजूच्या पिना सगळ्यांच्या सारख्या असतात, पण एसएमपीएसच्या बाजूच्या प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या पण वेगळ्या. केबल आरामात बसते आणि बटन दाबल्यावर हार्डडिस्क जळते, आत पाच वर्षांचा डेटा असला तर तो पण गेला.

दुसरं दुखणं, पंखे झटका देऊन बंद होतात. हा बहुतेक वेळा शॉर्ट असतो, एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो. कॅबिनेटमधे मदरबोर्डच्या खाली पितळी स्टँडऑफ, म्हणजे मदरबोर्डला पत्र्यापासून वर धरणारे छोटे खांब असतात, मदरबोर्डला जिथं भोक आहे तिथंच ते पाहिजेत, एखादा जास्तीचा राहिला तर तो मागून सर्किटला टेकतो. एखादा स्क्रू आत पडून मदरबोर्डच्या मागं अडकलेला असतो, कॅबिनेट हलवून आवाज ऐका. प्रोसेसरची ८ पिनची केबल चुकली की पण असं होतं, तिच्याबद्दल पुढं बोलू. मात्र नव्या मशीननं पहिल्यांदा एक-दोन वेळा स्वतःहून बंद होऊन चालू होणं हे नॉर्मल असतं, ते रॅमची सेटिंग जुळवत असतं.

आता येऊ खऱ्या डोकेदुखीवर, पंखे फिरतात, लाइटी लागतात, डिस्प्ले येत नाही. दुकानवाल्यांच्या भाषेत नो डिस्प्ले. दहापैकी बहुतेक लोक इथंच अडकतात, आणि कारणं पण इथंच सगळ्यात जास्त.

आधी मॉनिटरची केबल कुठं लावली ते बघा. ग्राफिक कार्ड बसवलेलं असेल तर एचडीएमआय त्या कार्डच्या मागं लावायची, वर मदरबोर्डच्या मागं पण एचडीएमआयचं भोक असतं आणि सवयीनं हात तिथंच जातो. याच्या उलटं पण असतं, ग्राफिक कार्ड घेतलेलंच नाही, नंतर घेऊ म्हणून ठेवलंय, आणि प्रोसेसर असा घेतला की ज्यात ग्राफिकच नाही. इंटेलच्या नावापुढं एफ असेल, जसं आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक नाही. एएमडीचा रायझन ५ ५६०० घेतला तर त्यात ग्राफिक नाही, ५६००जी मधी आहे. ७६०० मधी आहे, ७५००एफ मधी नाही. एक अक्षर बघायचं राहिलं की पंखे फिरतात, सगळं बरोबर असतं, आणि डिस्प्ले जन्मात येत नाही, कारण चित्र काढणारा भागच मशीनमधे नाही. मॉनिटरवर इनपुट कुठला निवडलाय ते पण बघून घ्या, त्यात कमीपणा नाही.

दुसरं, प्रोसेसरची पॉवर केबल. मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ८ पिनचं एक सॉकेट असतं, कॅबिनेटच्या काठाला लागून, कूलर बसवल्यावर तिथं बोटं जात नाहीत म्हणून लोक ते नंतर लावू म्हणतात आणि ते राहून जातं. ते नसलं की पंखे फिरतात पण प्रोसेसरला जेवणच नाही. एसएमपीएसमधून दोन प्रकारच्या ८ पिन केबली निघतात, प्रोसेसरची मधोमध चार-चार अशी फुटते, ग्राफिक कार्डची सहा-दोन अशी. त्यांच्या टोकांचा आकार मुद्दाम वेगळा केलेला असतो, त्यामुळं जोर लावावा लागत असेल तर थांबा, केबल चुकीची आहे. ग्राफिक कार्डला पण त्याच्या स्वतःच्या केबली लागतात, आणि नव्या कार्डांची १६ पिनची बारकी केबल तर शेवटपर्यंत आत गेली का ते लाइट मारून बघा, अर्धवट राहिली तर ती तापून वितळू शकते.

मग रॅम. रॅमवर मी जास्त वेळ घालवतो कारण चोर बऱ्याचदा इथंच सापडतो. रॅमची पट्टी घालताना खालची खाच स्लॉटच्या खाचेशी जुळवायची, आणि दोन्ही टोकांना अंगठे ठेवून सरळ खाली दाबायचं. एका बाजूनं कट्ट आवाज येतो आणि माणूस समाधान मानतो, पण दुसरं टोक एक-दीड मिलिमीटर वरच राहिलेलं असतं. आजकालच्या बऱ्याच मदरबोर्डांना एकाच बाजूला हलणारी क्लिप असते, दुसऱ्या बाजूची जागा पक्की असते, तिथं आवाजच येत नाही, मग ती बाजू बसली का ते फक्त डोळ्यानं कळतं. मोबाईलचा टॉर्च आडवा धरून बघा, पट्टीचे सोनेरी पॉइंट स्लॉटच्या वर दिसत असतील आणि एका टोकाला जास्त, दुसऱ्याला कमी दिसत असतील तर रॅम वाकडी बसलीय. लोक इतका जोर लावायला भितात की मदरबोर्ड तुटेल, पण रॅमला जोर लागतोच, मदरबोर्ड थोडा खाली दबल्यासारखा दिसला तरी चालतं.

स्लॉट पण महत्त्वाचा आहे. चार स्लॉट असतील आणि पट्टी एकच असेल तर साधारणपणे प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या स्लॉटमधी, दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्यामधी. हे ए२ आणि बी२ म्हणून लिहिलेलं असतं. पहिल्या-दुसऱ्यामधी शेजारी शेजारी लावली की काही मदरबोर्ड चालतात, काही चालत नाहीत, काही चालून सारखे अडकतात. दोन पट्ट्या असतील तर तपासताना एकच ठेवा, ती चालली नाही तर काढून दुसरी त्याच स्लॉटमधी लावा. जुनी रॅम असेल तर पॉइंटवरून पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसायची रीत आपल्याकडं चालत आलीय, ती जुन्या रॅमसाठी ठीक आहे, नव्या रॅमवर घासत बसायची गरज नाही.

आणि आता जे सांगतोय ते डीडीआर५ म्हणजे नव्या पिढीच्या रॅमवाल्यांनी दोनदा वाचा. नव्या मशीनला, खास करून एएमडीच्या एएम५ सॉकेटवाल्या (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) मशीनला, पहिल्यांदा चालू झाल्यावर रॅमची टायमिंग जुळवायला वेळ लागतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्या वेळात पंखे फिरतात, स्क्रीन पूर्ण काळी, रॅमची लाइट पेटलेली, सगळं मेल्यासारखं. हे काही मिनिटं चालतं, रॅम जास्त असेल तर दहा मिनिटं पण जाऊ शकतात. परभणीचा एक पोरगा, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, सीझन तोंडावर आला म्हणून ६४ जीबी रॅमचं मशीन जोडलं. डिस्प्ले येईना म्हणून दर दोन मिनिटाला प्लग काढायचा, बायोसचा सेल काढून रिसेट करायचा, परत लावायचा. प्रत्येक रिसेटला ट्रेनिंग परत शून्यापासून सुरू होत होतं, म्हणजे मशीन काम संपवत आलं की हा त्याला झोपवत होता. फोनवर सांगितलं, आता बटन दाब आणि जेवून ये, मशीनला हात लावू नको. जेवून आला तर स्क्रीनवर बायोस उघडून बसलेला. त्यामुळं पहिल्यांदा बटन दाबलं की पंधरा मिनिटं घड्याळ लावून गप बसा, आणि ते पण लाइट जायची वेळ नसताना, कारण मधीच लाइट गेली तरी तेच होतं.

मदरबोर्ड स्वतः पण सांगतो की तो कुठं अडकला, फक्त बघायचं कुठं ते माहीत पाहिजे. आजकालच्या बहुतेक मदरबोर्डांवर उजव्या काठाला चार बारीक लाइटी असतात, सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), डीरॅम, व्हीजीए, बूट अशा नावाच्या. चालू होताना त्या एकेक करून पेटतात आणि विझतात, जी पेटून तशीच राहते तिथं गाडी अडकलीय. डीरॅम राहिली तर रॅम बघा, व्हीजीए राहिली तर ग्राफिक कार्ड आणि त्याच्या केबली, बूट राहिली तर आनंद माना, हार्डवेअर जवळपास सगळं पास झालंय आणि फक्त एसएसडी किंवा विंडोजचा विषय राहिलाय. जुन्या पद्धतीचा बीप आवाज देणारा छोटा स्पीकर पण मिळतो, चार लाइटी नसलेल्या स्वस्त मदरबोर्डला तो लावून ठेवा, किती बीप वाजले त्याचा अर्थ पुस्तकात दिलेला असतो.

सीपीयूची लाइट अडकली तर दोन शक्यता जास्त. एक, बायोस जुना. मदरबोर्ड गोडाऊनमधी वर्षभर पडून असतो, प्रोसेसर मात्र नवीन, मदरबोर्डला तो ओळखताच येत नाही. बी६६० चे मदरबोर्ड २०२२ च्या सुरुवातीला आले तेव्हा इंटेलची १२ वी पिढी होती, १३ वी त्याच वर्षी ऑक्टोबरमधी आली, म्हणजे आधी बनलेल्या मदरबोर्डवर १३ वी किंवा १४ वी पिढी लावायची तर बायोस नवा पाहिजे. एएमडीच्या जुन्या बी४५० मदरबोर्डवर रायझन ५००० लावताना पण तीच कथा. मदरबोर्डच्या मागं बायोस फ्लॅशबॅकचं बटन असेल तर प्रोसेसर न ओळखता पण बायोस टाकता येतो, पेनड्राइव्ह एफएटी३२ मधी फॉरमॅट करायचा, कंपनीच्या साइटवरून अगदी त्याच मॉडेलची आणि त्याच रिव्हिजनची फाइल घ्यायची, पुस्तकात सांगितलेलं नाव द्यायचं, ठरलेल्या यूएसबी भोकात लावायचं आणि बटन दाबायचं. लाइट लुकलुकते ती थांबेपर्यंत हात लावायचा नाही. बायोस अर्धवट असताना लाइट गेली तर मदरबोर्ड खरोखर डेड होऊ शकतो, म्हणून हे काम यूपीएसवरच करा, आणि आभाळ भरून आलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी करा. फ्लॅशबॅक नसेल तर दुकानवाल्याला जुना प्रोसेसर लावून बायोस टाकून द्यायला सांगा.

दुसरी शक्यता, वाकलेली पिन. इंटेलच्या १७०० सॉकेटला आणि एएमडीच्या एएम५ ला पिना मदरबोर्डवर असतात, केसासारख्या बारीक, १७०० च्या आसपास. एएम४ ला त्या प्रोसेसरच्या पोटाला असतात. प्रोसेसर काढून टॉर्च तिरपा मारून बघा, सगळ्या पिना एकसारख्या चमकल्या पाहिजेत, एखादी जागा वेगळी चमकली की तिथं पिन वाकलीय. सॉकेटमधली पिन स्वतः सरळ करायला जाऊ नका, हात थोडा जरी हलला तरी शेजारच्या चार जातात.

हे सगळं करून पण काही होईना तर मी एकच सांगतो, मशीन कॅबिनेटच्या बाहेर काढा. मदरबोर्डचा पुठ्ठ्याचा डबा टेबलावर ठेवा, त्याच्यावर मदरबोर्ड, त्याला फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस. प्रोसेसरमधी ग्राफिक नसेल तरच ग्राफिक कार्ड. एसएसडी नाही, यूएसबी नाही, कॅबिनेटच्या वायरी नाहीत. मदरबोर्ड ज्यात येतो त्या चंदेरी पिशवीवर मात्र ठेवू नका, तिची बाहेरची बाजू करंट वाहू शकते. पॉवरच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरनं टेकवा. असं चालू झालं तर दोष कॅबिनेटमधल्या शॉर्टमधी किंवा काढून ठेवलेल्या एखाद्या पार्टमधी आहे, आता एकेक लावत जा आणि प्रत्येक वेळी चालू करून बघा. असं पण नाही झालं तर आता फक्त चार पार्ट संशयित राहिले, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस, कार्ड लावलं असेल तर ते पाचवं. कंटाळवाणं आहे, पण इतकं पक्कं उत्तर दुसऱ्या कशानं मिळत नाही.

आता लाइटीचं बोलू, कारण पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत हे कुणी सांगत नाही आणि आपल्याकडं मशीन चालू न राहण्याचं अर्धं कारण भिंतीतच असतं. गावाकडं मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट काय लिहिलंय ते वाचा, १००-२४० असेल तर तो १७० व्होल्टवर पण सावरून घेतो, २००-२४० असेल तर तो बंद पडतो किंवा सारखा रिस्टार्ट होतो, आणि माणूस रॅम बदलत बसतो. दुपारी चालतं आणि रात्री ठरावीक वेळेला बंद पडतं असं असेल तर आधी वायरमनला बोलवून व्होल्टेज मोजा.

अर्थिंग त्याहून महत्त्वाची. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की लाल पेटतो, हे कित्येक घरात चालूच असतं आणि लोक म्हणतात चप्पल घालून काम कर. एसएमपीएसमधी फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते बारीकसा करंट पत्र्याकडं सोडतात आणि अर्थिंगनं तो जमिनीत जायला पाहिजे. अर्थिंग नसली की तो पत्र्यावरच राहतो, आणि पत्र्यावर चक्क शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसू शकतात. करंट थोडा असतो म्हणून माणूस वाचतो, पण चालू मशीनला मॉनिटरची केबल लावताना तोच करंट एचडीएमआयच्या भोकातून जातो आणि पोर्ट जातं. तीन पिनच्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात खरंच वायर आहे का, का नुसतं भोक आहे, हे वायरमनकडून बल्ब लावून बघून घ्या. आणि अर्थिंगचा खड्डा असेल तर एप्रिल-मे मधी त्यात पाणी घालत जा, आपली काळी जमीन वाळून भेगाळली की अर्थिंग असून नसल्यासारखी होते.

यूपीएस ६०० व्हीएचा घेतला म्हणजे ६०० वॅट नाही, साधारण ३६० वॅटच असतात. ग्राफिक कार्डवाल्या मशीनला तो चालू करताना पुरतो, गेम किंवा रेंडर सुरू झालं की बीप मारून बसतो. घरातल्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याच्या मागं यूपीएस मोडचं बटन असतं ते दाबलेलं ठेवा, नाहीतर लाइट गेल्यावर बदलायला त्याला जो वेळ लागतो तेवढ्यात मशीन रिस्टार्ट होतं, एसएमपीएस लाइट गेल्यावर पंधरा मिलिसेकंदांच्या आसपासच तग धरतो. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर चांगले एसएमपीएस पण कधी कधी उठत नाहीत, त्यांना साइन वेव्ह लागतो.

डिस्प्ले आला, बायोस दिसला, पण पाच-दहा मिनिटात बंद होतो, तर कूलर. कूलरच्या खालची पारदर्शक पट्टी काढायची राहिली का, चारी कोपरे बसले का, पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागेवर आहे का. बायोसमधीच तापमान दिसतं, मे महिन्यात खोलीच ४० अंशावर असते तेव्हा ५५-६० दिसलं तर घाबरू नका, पण मिनिटभरात ९० कडं पळत असेल तर लगेच बंद करा.

आणि बायोस येतो पण विंडोज नाही, तर नव्या एसएसडीत विंडोज टाकलेलंच नसतं, पेनड्राइव्हवरून टाका. एसएसडी बायोसमधी दिसतच नसेल तर एम.२ चा (मदरबोर्डवर एसएसडीची पट्टी बसायची जागा) बारका स्क्रू लावून ती सपाट बसली का बघा, आणि मदरबोर्डचं पुस्तक वाचा, काही मदरबोर्डांवर एका एम.२ मधी एसएसडी लावली की ठरावीक साटा पोर्ट, म्हणजे हार्डडिस्कची केबल लावायच्या जागा, बंद होतात. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी किंवा एक्सपो विंडोज नीट चालायला लागल्यावरच चालू करा, आधी नाही.

शेवटी पार्ट खरंच खराब निघाला तर दुकानवाल्याला फोन करताना नुसतं चालू होत नाही म्हणू नका. कुठली लाइट अडकलीय, एका रॅमवर काय झालं, कॅबिनेटच्या बाहेर काढून काय झालं, बायोसची आवृत्ती कुठली, हे सगळं सांगा, म्हणजे तो पण "आधी रॅम पुसून बघा" म्हणून तुम्हाला परत पाठवणार नाही. त्या पेटलेल्या लाइटीचा आणि सॉकेटच्या पिनांचा फोटो पार्सल करायच्या आधी काढून ठेवा, कारण वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही आणि नंतर ती कुणाकडून वाकली यावर वाद होतो. मदरबोर्डवर आलेलं सॉकेटचं काळं प्लास्टिकचं झाकण फेकलं असेल तर शोधा, बरेच ब्रँड त्याच्याशिवाय मदरबोर्ड परत घेत नाहीत. बिल, डबा, डब्यावरचं सिरियल नंबरचं स्टिकर, आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढला असेल तर तो, हे सगळं रिप्लेसमेंट हातात पडून नवीन पार्टवर मशीन चालू होईपर्यंत जपून ठेवा.